पसंत नसेल तर पैसे परत: खेड्यातल्या गिऱ्हाइकाला हा शब्द देणारा माँटगोमेरी वॉर्ड कोण होता?

समजा, तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरमध्ये राहता. कांद्यावर फवारणी करायची आहे म्हणून मोबाईलवरून बॅटरीवर चालणारा पंप मागवलात. चार दिवसांनी पार्सल आलं. डिलिव्हरीवाल्याच्या हातात रोख पैसे ठेवले, खोकं उघडलं, पाणी भरून बघितलं तर पंप बुडातून गळतोय.

ॲपवर रिटर्नचं बटण दाबलं. उत्तर आलं की तुमच्या पिनकोडवर पिकअपची सोय नाही, वस्तू स्वतः कुरिअरने पाठवा. आता खोकं पुन्हा बांधा, लासलगावला किंवा निफाडला जाऊन कुरिअरवाला शोधा, वजनाप्रमाणे पैसे भरा, पावतीचा फोटो टाका आणि रिफंडची वाट बघा. तोवर फवारणीचे दिवस निघून गेलेले असतात. अशा वेळी बरेच जण मनातल्या मनात हिशेब करतात आणि पंप शेडमध्ये टाकून मोकळे होतात.

वस्तू खराब निघाली तर ती परत नेण्याचा खर्च आणि त्रास कोणी सोसायचा? हा प्रश्न मोबाईलपेक्षा खूप जुना आहे. साधारण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका फिरत्या विक्रेत्याने त्याचं उत्तर छापून दिलं होतं. त्याचं नाव एरन माँटगोमेरी वॉर्ड.

विटा, पिंपाची फळकुटं आणि बुटांचं दुकान

वॉर्डचा जन्म १८४० च्या दशकात न्यू जर्सी राज्यातल्या चॅटम गावचा. तो लहान असतानाच कुटुंब मिशिगन राज्यातल्या नाइल्स या छोट्या गावी गेलं. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो कामाला लागला.

आधी पिंपांची फळकुटं बनवणाऱ्या कारखान्यात, रोजचे २५ सेंट. मग वीटभट्टीवर, रोजचे ३० सेंट. त्यानंतर सेंट जोसेफ गावात बुटांच्या दुकानात नोकरी मिळाली आणि इथे त्याला आपला धंदा सापडला. गिऱ्हाईक काय मागतं, काय बघून परत जातं आणि कशावर घासाघीस करतं, हे तो काउंटरमागे उभा राहून शिकला. काही वर्षांतच दुकानाचा कारभार त्याच्या हाती आला.

१८६५ च्या सुमारास तो शिकागोला गेला. तिथल्या मोठ्या कापड दुकानांत काम केलं. मग फिरता विक्रेता झाला. रेल्वेने एखाद्या गावी उतरायचं, भाड्याची घोडागाडी करायची आणि आडगावच्या दुकानांना माल विकत फिरायचं, असा त्याचा दिनक्रम होता.

दोन्हीकडून मार

या फिरतीत वॉर्डला शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकायला मिळाल्या. गावात दुकान एकच. माल शहरातल्या कारखान्यातून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून एजंटाकडे आणि मग गावच्या दुकानात यायचा. प्रत्येक जण आपला नफा लावायचा. शेवटी शेतकऱ्याला तीच वस्तू शहरापेक्षा कितीतरी महाग पडायची. दर्जाची खात्री नाही आणि खराब निघाली तर विचारायची सोय नाही, कारण पुढच्या महिन्यात उधारी त्याच दुकानदाराकडे करायची असायची.

पीक विकायला जा, भाव दुसऱ्याने ठरवलेला. सामान घ्यायला जा, तिथेही भाव दुसऱ्यानेच ठरवलेला. लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात ट्रॅक्टर घेऊन उभं राहिलेल्या कोणालाही ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

यातूनच अमेरिकेत ग्रेंज नावाची शेतकरी संघटना उभी राहिली होती. १८६७ साली सुरू झालेली ही संघटना दलालांना टाळून एकत्र खरेदी करण्याचा आग्रह धरत होती. वॉर्डच्या डोक्यातही तेच चाललं होतं. कारखान्यातून रोखीने घाऊक माल घ्यायचा, दुकान थाटायचं नाही, मधले एजंट नकोत, आणि टपालाने ऑर्डर घेऊन माल थेट शेतकऱ्याच्या जवळच्या रेल्वे स्टेशनावर पाठवायचा.

आगीत राख, मग एका कागदावर दुकान

वॉर्डने पैसे साठवून पहिला माल गोळा केला आणि ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोला भीषण आग लागली. शहराचा मोठा भाग होरपळला. त्यात वॉर्डचा मालही गेला.

त्याने पुन्हा जुळवाजुळव केली. १८७२ च्या ऑगस्टमध्ये दोन भागीदार आणि १,६०० डॉलर भांडवल घेऊन त्याने एका लहानशा खोलीतून धंदा सुरू केला. कॅटलॉग म्हणजे एक साधा कागद, त्यावर १६३ वस्तू आणि त्यांचे भाव. टपालाने माल विकणारा तो जगातला पहिला नव्हता. वेल्समध्ये प्राइस प्राइस-जोन्स याने १८६१ मध्येच असा धंदा सुरू केला होता. पण शेतकरी हाच मुख्य गिऱ्हाईक धरून सगळ्या प्रकारचा माल एका यादीत देणं, हे वॉर्डचं काम.

सुरुवात वाईट झाली. दोन्ही भागीदार वर्षभरात निघून गेले. मग त्याच्या बायकोच्या नात्यातला जॉर्ज थॉर्न पैसे घेऊन सोबत आला. १८७३ मध्ये एका मोठ्या शिकागो दैनिकाने वॉर्डची कंपनी म्हणजे ठकबाजी आहे, असं छापलं. एवढ्या कमी भावात खरा माल मिळणं शक्यच नाही, असा त्यामागचा तर्क. वॉर्ड कोर्टात जायला निघाला, तेव्हा दैनिकाने चूक कबूल केली. वॉर्डने ती कबुलीच पुढे आपल्या प्रचारासाठी छापली.

शब्द दिला आणि खर्चही उचलला

त्या दैनिकाचा संशय मात्र अगदीच चुकीचा नव्हता. न पाहिलेल्या माणसाला, न पाहिलेल्या वस्तूसाठी, शेकडो मैल दूर पैसे कोण पाठवेल? ऑनलाईन खरेदी करताना पहिल्यांदा आपल्याही मनात हीच भीती होती.

वॉर्डने १८७५ मध्ये त्यावर उपाय काढला. माल आल्यावर तपासून घ्या. पसंत पडला नाही तर परत पाठवा, पैसे परत मिळतील. आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही वाहतूक खर्च कंपनीचा.

ही नुसती उदारता नव्हती. परतीचा खर्च स्वतःच्या खिशातून जाणार असेल तर विकणारा खराब माल पाठवायला धजत नाही. यादीत वस्तूचं वर्णन फुगवून लिहिलं तर तोटा त्यालाच होतो. म्हणजे त्या एका अटीमुळे माल तपासण्याचं काम गिऱ्हाइकाकडून विक्रेत्याकडे गेलं. मधल्या दलालांचा नफा वाचल्यामुळे हा खर्च सोसायला वॉर्डकडे जागाही होती.

शेतकऱ्यांनी विश्वास टाकला. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एका कागदाचा कॅटलॉग २४० पानांचा झाला आणि त्यात सुमारे १०,००० वस्तू आल्या. लोक ऑर्डरसोबत घरच्या गोष्टीही लिहू लागले. बऱ्याच दिवसांत काही मागवलं नाही म्हणून कोणी माफी मागायचं. एकटे राहणारे शेतकरी तर कंपनीला आपल्यासाठी बायको शोधून द्यायला सांगायचे.

गावोगावचे दुकानदार चिडले. त्यांचंही पोट त्यावर होतं. काही ठिकाणी त्यांनी कॅटलॉगची चौकात होळी केली. ऑनलाईन विक्रीमुळे आज आपल्या गावातल्या मोबाईलच्या आणि कपड्यांच्या दुकानांचं काय होतंय, हा वाद तेव्हाही असाच पेटला होता.

धंदा वाढला तसे स्पर्धक आले. रिचर्ड सीअर्सची कंपनी १९०० च्या सुमारास विक्रीत वॉर्डच्या पुढे गेली. वॉर्डने १८९३ मध्येच कंपनीतला मोठा हिस्सा थॉर्न कुटुंबाला विकून रोजच्या कारभारातून अंग काढून घेतलं होतं.

कागदावरच्या शब्दासाठी २० वर्षं कोर्टात

याच काळात तो दुसरं एक भांडणही लढत होता. शिकागोच्या तलावाकाठची मोकळी जमीन कायम रिकामी राहील, तिथे इमारती होणार नाहीत, असं शहराच्या १८३६ च्या नकाशावर नोंदवलेलं होतं. पण हळूहळू तिथे शेड, कचरा आणि बांधकामांचे बेत वाढले. वॉर्डच्या कंपनीची इमारत समोरच होती.

१८९० मध्ये तो कोर्टात गेला. पुढची २० वर्षं तो खटले लढत राहिला. वर्तमानपत्रं त्याला विकासाचा शत्रू म्हणू लागली. श्रीमंत मित्र दुरावले. तिथे एक मोठं संग्रहालय बांधायचं ठरलं, त्यालाही त्याने विरोध केला आणि तो निकाल त्याच्या बाजूने लागला. १९११ पर्यंत सगळं निकाली निघालं. आज शिकागोतलं ग्रँट पार्क मोकळं दिसतं, त्याचं श्रेय बऱ्याच अंशी या हट्टी माणसाला जातं. छापून दिलेला शब्द पाळला गेला पाहिजे, हाच आग्रह त्याने धंद्यातही धरला आणि शहराकडेही.

१ जानेवारी १९१३ ला अमेरिकन टपाल खात्याने पार्सल सेवा सुरू केली. त्याआधी टपालातून ४ पौंडांपेक्षा जड पार्सल जात नसे. आता जड सामानही थेट शेतकऱ्याच्या दारात पोहोचू लागलं. त्याच वर्षी ७ डिसेंबरला वॉर्डचा मृत्यू झाला. त्याची कंपनी मात्र पुढे बरीच वर्षं चालली. टपालाचा धंदा ओसरल्यावर मोठमोठी दुकानं काढली, पण स्पर्धेत ती मागे पडली आणि २००१ मध्ये कंपनी बंद झाली.

मग आपल्याकडे काय झालं?

भारतात टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हीपीपी सुरू केली. वस्तू पोस्टमनने आणायची आणि पैसे त्याच्याकडे भरून पार्सल सोडवायचं. घरातल्या थोरांना व्ही.पी. सोडवणं हा शब्दप्रयोग आजही आठवत असेल. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीची ती आजीच. फरक इतकाच की पैसे भरल्याशिवाय खोकं उघडता येत नसे. वॉर्डने दिलेली आधी तपासण्याची सोय त्यात नव्हती, आणि आजही बहुतेक पार्सलांत नसते.

ग्राहकाचा हक्क आपल्याकडे कंपन्यांनी आपणहून दिला नाही, त्यासाठी चळवळ करावी लागली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. संगीतकार सुधीर फडकेही त्यात होते. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ मध्ये नवा कायदा झाला आणि २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम लागू झाले.

विंचूरच्या त्या गळक्या पंपासाठी यातल्या काही गोष्टी कामाच्या आहेत:

- वस्तू सदोष किंवा बनावट निघाली, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसली, किंवा ठरलेल्या वेळेनंतर आली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झाला असेल तर अपवाद.
- फक्त रंग आवडला नाही किंवा मन बदललं, तर कायदा मदतीला येत नाही. तिथे कंपनीचं रिटर्न धोरणच लागू होतं. म्हणून मागवण्याआधी ते वाचा. परतीचा वाहतूक खर्च कोणाचा, हे त्यात सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे.
- कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असते.
- तिथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करता येतो.
- त्यापुढे ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की दिल्लीला, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे विंचूरकरांना नाशिकलाच, तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार ऑनलाईनही दाखल होते.

आणि एक सवय: पार्सल उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, बिल आणि खोकं जपून ठेवा.

कायदा आहे, हेल्पलाईन आहे. तरी हजार-दीड हजाराच्या पंपासाठी किती जण इतके हेलपाटे घालतील? वॉर्डचं मोठेपण इथे लक्षात येतं. त्याच्या गिऱ्हाइकाला भांडावं लागत नव्हतं, कारण परतीचा भार आधीच विकणाऱ्याने उचललेला होता. पिकअप मिळणार नाही असा निरोप ज्या पिनकोडला येतो, तिथल्या माणसाला नेमकं तेवढंच हवं असतं.