डिग्री नसलेले सर : व्हिव्हियन थॉमस

वर्कशॉपमध्ये जॉब बिघडला की आपण आधी कुणाकडे पळतो? सरांकडे की मामांकडे? खरं सांगा! लेथवर हात बसलेला असतो मामांचा, जर्नलवर सही मात्र सरांची. ही गोष्ट अशाच एका मामांची आहे. फक्त त्यांचा जॉब लोखंडाचा नव्हता, हृदयाचा होता.

माझी आतेबहीण कार्डिअॅक टेक्नॉलॉजीचा कोर्स करते. कॅथलॅबमध्ये डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून मशीन, प्रेशर, ईसीजी सांभाळायला शिकतेय. हे नाव मी तिच्याकडून ऐकलं आणि मग मिळेल ते वाचत सुटलो.

व्हिव्हियन थॉमस यांचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या लुइझियानातला. वाढले नॅशव्हिलमध्ये. वडील सुतार, त्यामुळे करवत-रंधा लहानपणापासून हातात. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवत होते, पण १९२९ ची मंदी आली. १९३० साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. नंतर बँकच बुडाली, साठवलेलं सगळं गेलं. कॉलेज राहिलं ते राहिलंच.

त्यांचं शिक्षण झालं ते या लॅबमध्ये. ना सिलॅबस, ना परीक्षा. प्राण्यांना भूल देणं, रक्तवाहिन्या शिवणं, रक्तदाब मोजणं, नोंदी ठेवणं, सगळं बघून आणि करून शिकले. काही वर्षांत ऑपरेशनं स्वतः करू लागले. पण कृष्णवर्णीय असल्यामुळे पगारपत्रकावर हुद्दा काय? झाडूवाला! हे कळल्यावर ते गप्प बसले नाहीत, पगार वाढवून घेतला.

१९४१ मध्ये ब्लेलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले ते थॉमसना घेऊनच. तिथे पांढरा कोट घालून चाललेला काळा माणूस पाहून लोक वळून वळून बघायचे.

१९४३ मध्ये बालहृदयतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग यांनी त्यांच्यापुढे प्रश्न मांडला निळ्या बाळांचा. या बाळांच्या फुफ्फुसाकडे जाणारा रस्ता अरुंद, त्यात हृदयाच्या पडद्याला भोक. रक्ताला प्राणवायू पुरत नाही, ओठ-नखं निळी पडतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मेन लाइन चोक झालीय, बायपास टाका! हाताकडे जाणारी धमनी वळवून फुफ्फुसाच्या धमनीला जोडायची. बोलायला सोपं. थॉमसनी सुमारे २०० कुत्र्यांवर काम केलं. आधी तो आजार कुत्र्यात तयार करायचा, मग दुरुस्त करायचा. अॅना नावाची कुत्री त्यातून दीर्घकाळ जगली. इतक्या बारीक कामाच्या सुया बाजारात नव्हत्या, म्हणून असलेल्या सुया कापून, घासून यांनीच बनवल्या. सुताराचा हात तो!

२९ नोव्हेंबर १९४४. टेबलावर आयलीन सॅक्सन, दोन वर्षांचीही नसलेली मुलगी. सुरी ब्लेलॉक यांच्या हातात, पण हे ऑपरेशन जास्त वेळा केलेलं थॉमसनी. म्हणून ते ब्लेलॉकच्या खांद्यामागे स्टुलावर उभे राहिले आणि टाका कुठे, कोणत्या दिशेने, ते सांगत राहिले. मुलगी टेबलावरून जिवंत उतरली, सुधारली. पुढे काही महिन्यांनी ती गेली हेही खरं, पण तोवर वाट सापडली होती. दुरून आईबाप निळी मुलं घेऊन येऊ लागले.

१९४५ मध्ये पेपर छापून आला. नावं दोन, ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमस कुठेच नाहीत. मला याहून जास्त चीड आली ती दुसऱ्या गोष्टीची. पगार पुरत नाही म्हणून ते ब्लेलॉकच्या घरच्या पार्ट्यांत ड्रिंक्स वाढायचे. समोर ग्लास धरून उभे असायचे तेच डॉक्टर, ज्यांना दिवसा लॅबमध्ये यांनी टाके घालायला शिकवलेलं. तरी ब्लेलॉकना नुसतं खलनायक ठरवताही येत नाही. थॉमसच्या हातातली करामत सगळ्यात आधी त्यांनीच ओळखली.

पुढे डिग्री घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं, पण कॉलेजने पहिल्या वर्षापासून सुरू करायला सांगितलं. पन्नाशीला डॉक्टर होणार, असा हिशेब करून त्यांनी नाद सोडला. लॅब चालवली, सर्जन घडवले, तंत्रज्ञ घडवले. डेंटन कूली यांच्यासारखे नामवंत त्यांच्या हाताखालून गेले. (२००४ चा समथिंग द लॉर्ड मेड हा सिनेमा त्यांच्यावरच आहे. आपले स्नेप सर, म्हणजे अॅलन रिकमन, त्यात ब्लेलॉक झालेत. कुणाच्या हार्ड डिस्कवर असेल तर कळवा.)

१९७१ मध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सर्जननी त्यांचं चित्र काढून घेतलं. ते ब्लेलॉकच्या चित्राशेजारी लागलं. १९७६ मध्ये हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली, तीही कायद्याची, वैद्यकाची नाही! त्याच सुमारास अध्यापकवर्गात नेमणूक झाली. २६ नोव्हेंबर १९८५ ला ते गेले, आणि थोड्याच दिवसांत त्यांचं आत्मचरित्र छापून आलं. त्या ऑपरेशनला वर्षानुवर्षं ब्लेलॉक-टॉसिग शंट म्हणत. आता बरेच डॉक्टर मधे थॉमस घालतात.