टिपूच्या कैदेतून सुटलेल्या कोकणातल्या ज्यूनं मुंबईचं पहिलं सिनेगॉग उभारलं

मुंबईत मशीद बंदर स्टेशनजवळ मांडवी भागात सॅम्युअल स्ट्रीट आहे. हे नाव एखाद्या इंग्रज साहेबाचं असेल, असं कुणालाही वाटेल. पण हे सॅम्युअल कोकणातले. पूर्ण नाव सॅम्युअल एझेकिएल दिवेकर. मराठी मुलखात त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत.

ते बेने इस्राएल समाजाचे. आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं हा समाज परंपरेनं सांगतो. सगळी पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. वाचलेली माणसं कोकणात राहिली, मराठी बोलू लागली, गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनावं घेतली. अनेकांनी तेलाचा घाणा घातला. पण शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद! म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

पुस्तक नाही, प्रार्थनेचं घर नाही, तरी धर्म टिकला तो घरात. मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायची. खवले आणि पर नसलेला मासा चुलीवर चढत नसे. देव एकच आहे ही ग्वाही देणारी ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना तोंडपाठ असे. लग्न असो वा मयत, तीच म्हटली जाई. योम किप्पूरच्या उपासाला घरं बंद ठेवत, म्हणून त्या दिवसाचं नाव पडलं दारफाळणीचा सण.

अशा घरातले दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाले आणि अधिकारपदापर्यंत पोचले. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (1780–84) ते टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती लागले.

पुढची हकिकत बेने इस्राएल घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना जात-धर्म विचारला गेला. उत्तर चुकलं तर जीव जाणार. दिवेकरांनी आपण बेने इस्राएल, इस्राएलची लेकरं, असं सांगितलं. टिपूच्या आईनं हे ऐकलं. कुराणात बनी इस्राएलचा उल्लेख वारंवार येतो, पण त्यातला माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. तिच्या शब्दामुळे जीव वाचला. सुखरूप घरी पोचलो तर देवासाठी प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस दिवेकरांनी केला होता.

1784 मध्ये मंगळूरचा तह झाला आणि युद्ध थांबलं. दिवेकर मुंबईला परतले आणि 1796 मध्ये त्यांनी नवस फेडला. सिनेगॉगचं नाव ठेवलं ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचं दार. लोकांनी मात्र त्याला मशीदच म्हटलं. पुढे समाजाचं दुसरं सिनेगॉग झालं, तेव्हा हे ‘जुनी मशीद’ ठरलं. मशीद बंदर हे नावही त्यावरूनच पडलं, असं अनेक जण सांगतात.

भिंती उभ्या राहिल्या, पण एक गोष्ट हवी होती: सेफर तोरा, म्हणजे चर्मपत्रावर हातानं लिहिलेली तोराची गुंडाळी. सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला सिनेगॉगमध्ये तिचं वाचन होतं. कोचीच्या ज्यूंकडे अशा गुंडाळ्या होत्या. ती मिळवण्यासाठी दिवेकर कोचीला गेले आणि 1797 मध्ये तिथंच वारले. नवसाचं घर त्यांना जेमतेम वर्षभर लाभलं.

त्यांनी समाजाला काय दिलं? शेमा घरोघरी होतीच. पण ज्यू रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात, त्याशिवाय तोराचं वाचनही होत नाही. कोकणातून पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या माणसांना दहा जण जमण्याची हक्काची जागा मिळाली, ती इथं.

सिनेगॉगची आजची वास्तू 1860 ची आहे. 1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. दयेचं दार मात्र सॅम्युअल स्ट्रीटवर अजून उभं आहे.