वेळेचे पक्के जे. आर. डी. टाटा

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना सारा देश जे. आर. डी. या नावाने ओळखतो. भारतात विमानसेवा सुरू करण्याचा मान त्यांच्याकडे जातो. त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील पारशी होते व आई फ्रेंच होती.

बालपणी फ्रान्समध्ये त्यांनी विमाने पाहिली, तेव्हापासून त्यांना उडण्याची ओढ लागली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना विमान चालवण्याचा परवाना मिळाला. भारतात दिलेला हा पहिलाच परवाना होता. १९२९ साली भारत व इंग्लंड यांच्यामधील अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान यांनी बक्षीस ठेवले. वाटेत इजिप्तमध्ये जे. आर. डी. यांना त्यांचे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर भेटले. अस्पींचे विमान बिघडले होते. जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचे जादा स्पार्क प्लग त्यांना दिले. पुढे शर्यत अस्पींनीच जिंकली. पण दोघांची मैत्री कायमची जुळली.

विमान चालवणे वेगळे आणि विमानसेवा चालवणे वेगळे. त्या काळी इंग्लंडचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येई. ते तेथून मुंबई व मद्रासला विमानानेच न्यावे, अशी योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने मांडली. जे. आर. डी. यांना ती पटली. परंतु सरकार आर्थिक मदत देण्यास तयार होईना. बोलणी तीन वर्षे चालली. शेवटी टाटांनी मदतीची मागणी सोडून दिली. टपालाच्या वजनाप्रमाणे पैसे घ्यायचे, असे ठरले. टपाल कमी आले, तर तोटा टाटांचा! सुमारे दोन लाख रुपये भांडवल आणि दोन लहान विमाने यांवर काम सुरू झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. स्वतः कराचीहून टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला पेट्रोल भरून ते मुंबईत जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. नकाशावर मुंबई आणि बेल्लारी यांना जोडणारी सरळ रेषा काढून पाहा. ती आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांवरून जाते.

अडचणी पुष्कळ होत्या. विमानात रेडिओ नव्हता. जुहूचे मैदान कच्चे होते. पावसाळ्यात तेथे पाणी साचे, म्हणून विमाने पुण्याहून सोडावी लागत. तरीही टपाल वेळेवर पोहोचू लागले. पहिल्या वर्षी १५५ प्रवासी व सुमारे दहा टन टपाल नेले गेले आणि साठ हजार रुपये नफा झाला.

१९४६ साली या कंपनीचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. विमानसेवेचा धंदा मोठा कठीण असतो. दुकानातील न खपलेला माल उद्या विकता येतो. उडालेल्या विमानातील रिकामी जागा पुन्हा विकता येत नाही. विमान भरलेले असो वा रिकामे, पेट्रोल आणि पगार यांचा खर्च करावाच लागतो. म्हणून प्रवाशाने पुन्हा आपल्याकडेच यावे, यासाठी जे. आर. डी. झटत. प्रवास करताना ते विमानातील पडदे, चहा-कॉफी, स्वच्छता व नोकरांची वागणूक यांकडे बारकाईने पाहत, टिपणे काढत आणि चुका सुधारून घेत.

१९५३ साली सरकारने सर्व विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जे. आर. डी. यांना हा निर्णय पसंत नव्हता. तरी सरकारने विनंती केल्यावर त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे ते निष्ठेने सांभाळले. मालकी गेली, म्हणून त्यांनी कामात कसर केली नाही. १९७८ साली त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. या गोष्टीचे त्यांना फार दुःख झाले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकदा स्वतः विमान चालवून केला. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. तो दिवस पाहायला जे. आर. डी. नव्हते. परंतु लोकांनी आपल्या हाती दिलेली वस्तू ठरल्या वेळी पोहोचवायची, हा त्यांचा धडा प्रत्येक कामात उपयोगी पडणारा आहे.