दुभाषा ते मंत्री : कंबोडियाचे थिउन

राजघराण्याबाहेर जन्मलेले थिउन (१८६४-१९४६) फ्रेंच अंमलातील कंबोडियात दुभाषे म्हणून नोकरीस लागले. भाषाज्ञानाच्या बळावर ते राजवाड्याचे मंत्री झाले. नोरोदोम, सिसोवाथ व मोनिवोंग या तीन राजांच्या कारकिर्दींत त्यांचे दरबारी वजन टिकून राहिले. कंबोडियन नृत्यावर त्यांनी ग्रंथही लिहिला. १९०० मध्ये राजपुत्र युकान्थोर यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच कारभाराविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. त्यात थिउन यांच्यावरही ठपका होता. राजपुत्रांच्या वाट्याला परदेशवास आला. थिउन मात्र अधिकारपदी राहिले.

आम्ही या चरित्राकडे आदराने, पण सावधपणे पाहतो. विद्या सामान्य कुळातील माणसाला सिंहासनाशेजारी नेते, हे खरे. परंतु ती परक्या सत्तेच्याच कामी आली, तर रयतेच्या माथी कर आणि वेठ तशीच राहते. आमच्या विद्यार्थ्यांनी शिकावे, मोठे व्हावे. मात्र आपली विद्या कोणाच्या कामी येते, हे स्वतःस विचारीत राहावे.