विश्लेषण : तुकडोजी महाराज आपल्याच भजनांना किती जागले?

व्यवस्थेविरुद्ध गाणारे कलाकार खासगी आयुष्यात तसे वागतात का, असा प्रश्न आज रॅपर्सपासून शाहिरांपर्यंत सगळ्यांना विचारला जातो. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत ज्यांची भजनं आजही गावागावांत ऐकू येतात, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना हीच कसोटी लावली तर काय दिसतं?

कोण होते तुकडोजी महाराज?

मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म 30 एप्रिल 1909, अमरावती जिल्ह्यातील यावली. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम प्राथमिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानलं. तरुणपणी चिमूरजवळच्या गोंदोड्याच्या जंगलात राहिले. हातात खंजिरी आणि भाषा मराठी-हिंदी, तीही शेतकऱ्याला कळेल अशी. अस्पृश्यता, दारू, हुंडा, अंधश्रद्धा यांवर ते थेट बोलत. 1935 मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. 1936 मध्ये ते महिनाभर महात्मा गांधींच्या सहवासात राहिले.

1942 मध्ये काय घडलं?

चले जाव आंदोलनात त्यांची भजनं उघडपणे राजकीय झाली. 16 ऑगस्टला चिमूर आणि आष्टी पेटली. चिमूरला गोळीबारात बालाजी रायपूरकर शहीद झाले, तर जमावाच्या हातून चार सरकारी अधिकारी-कर्मचारी मारले गेले. इंग्रज सरकारने या उठावाचा ठपका महाराजांच्या भजनांवर ठेवला. 28 ऑगस्टला त्यांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहून 2 डिसेंबरला ते सुटले. त्यानंतर वर्धा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत त्यांना प्रवेशबंदी होती.

मग प्रश्न कुठे येतो?

गाण्याची किंमत गायकाने मोजली, हे खरं. पण गावकऱ्यांनी मोजलेली किंमत कितीतरी मोठी होती. चिमुरात लष्कर घुसलं, महिलांवर अत्याचार झाले. त्याच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी 63 दिवस उपोषण केलं. अनेकांना फाशी सुनावली गेली. फाशी टळलेल्यांचीही वर्षं तुरुंगात गेली. महाराज मात्र सुमारे तीन महिन्यांत बाहेर आले. त्यांनी शिक्षा चुकवली असं यातून सिद्ध होत नाही. पण व्यासपीठावरचा माणूस आणि समोर बसलेला माणूस यांच्यावर एकाच गाण्याचा परिणाम सारखा होत नाही, हे चिमूरने दाखवलं.

स्वातंत्र्यानंतर बंडखोरी संपली का?

टीका करायचीच तर ती इथे होऊ शकते. ज्या खंजिरीने सरकारला आव्हान दिलं, तीच नंतर सरकारच्या कामाला साथ देऊ लागली. 1956 मध्ये स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे ते पहिले अध्यक्ष होते. या संघटनेला केंद्रीय मंत्री गुलझारीलाल नंदा यांचं पाठबळ होतं. 1962 आणि 1965 च्या युद्धांत महाराज सैनिकांचं मनोबल वाढवायला सीमेवर गेले.

पण त्यांची मूळ मागणी सत्ताबदलाची नव्हती, गावबदलाची होती. 1955 मध्ये आलेल्या ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत स्वच्छता, शिक्षण, श्रमदान, स्त्रियांचा सन्मान आणि गावाचं स्वावलंबन आहे. विनोबांच्या भूदानासाठी ते फिरले. 1967 च्या कोयना भूकंपानंतर मदतीला धावले. सर्व जाती-धर्मांच्या लोकांनी एकत्र बसायचं, अशी सामुदायिक प्रार्थना त्यांनी रुजवली. म्हणजे विरोधक बदलला, विषय तोच राहिला.

आज हे का महत्त्वाचं?

11 ऑक्टोबर 1968 रोजी कर्करोगाने मोझरीत त्यांचं निधन झालं. दरवर्षी पुण्यतिथीला तिथे हजारो लोक मौन श्रद्धांजली वाहतात. 2005 मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं.

वैयक्तिक पातळीवर तुकडोजी महाराज आपल्या शब्दांना बऱ्याच अंशी जागले, असं नोंदी सांगतात. तुरुंग त्यांनी भोगला आणि शेवटपर्यंत गावांसाठी काम केलं. उरलेला हिशेब ऐकणाऱ्यांचा आहे. ज्या गावात रोज संध्याकाळी त्यांची प्रार्थना होते, तिथे दारू, हुंडा आणि जातीची उतरंड किती कमी झाली, हे गावकऱ्यांनाच तपासता येईल.