राजवाड्याच्या छतावर

आजचे वाचन : दानीएल ४:२८-३७

आज नबुखद्नेस्सर राजाच्या जीवनावर थोडं मनन करू या.

इ.स.पूर्व ६०५ मध्ये तो बाबेलच्या गादीवर बसला आणि ४३ वर्षं त्याने राज्य केलं. कर्कमीशच्या लढाईत मिसरच्या सैन्याचा पराभव केला. यरुशलेमचं मंदिर जाळलं, लोकांना बंदिवासात नेलं. बाबेलचे कोट, देवळं, इश्तार वेस त्याने बांधली. विटांवरसुद्धा स्वतःचं नाव ठसवलं! त्या विटा आजही संग्रहालयात बघायला मिळतात.

देवाने त्याला एकदम खाली ओढलं नाही. आधी स्वप्नात इशारा दिला : आभाळाला भिडलेलं झाड तोडलं जातं, पण बुंधा राखला जातो. अर्थ सांगणारा दानीएल त्याचाच बंदिवान होता. तो घाबरला, पण राज्य खरं कोणाच्या हातात आहे हे त्याला ठाऊक होतं. म्हणून खरं ते बोलला, आणि गरिबांवर दया करण्याचा सल्लाही दिला.

मग पूर्ण बारा महिने मिळाले. राजा बदलला नाही. एके दिवशी छतावर फिरताना शहर बघून त्याने सगळं श्रेय स्वतःला दिलं. शब्द तोंडात होते तोवरच निकाल लागला. तो माणसांतून घालवला गेला आणि बैलासारखं गवत खाऊ लागला. शेवटी त्याने नजर स्वर्गाकडे वर केली, आणि मगच बुद्धी परत आली. राज्यही मिळालं. विशेष म्हणजे ही फजिती त्याने लपवली नाही, स्वतःच सर्व लोकांना कळवली.

मागच्या रिलीजनंतर मीसुद्धा असाच छतावर होतो. डेमो मी दिला, कौतुक मी घेतलं. रात्रभर जागून मूळ बग शोधणाऱ्या ज्युनियरचं नाव घ्यायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, मी घेतलंच नाही. उद्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते सांगणार आहे.

तुमच्या विटांवर कोणाचं नाव आहे?

प्रार्थना : प्रभू, जे आहे ते तुझं आहे. मला खाली पाडावं लागण्याआधीच नजर वर करायला शिकव. आमेन.