महालेखापाल आणि साधक : सयाजी ऊ बा खिन

आपल्याकडे साधना म्हटली की अरण्य, गुहा आणि भगवी वस्त्रे आठवतात. ज्या माणसामुळे विपश्यना भारतात परतली, तो मात्र सरकारी हिशेब तपासणारा अधिकारी होता.

ऊ बा खिन यांचा जन्म ६ मार्च १८९९ रोजी रंगूनमधील कामगारवस्तीत झाला. शालान्त परीक्षेत सुवर्णपदक आणि शिष्यवृत्ती मिळूनही घरच्या परिस्थितीमुळे त्यांना शिक्षण सोडावे लागले. काही काळ एका वृत्तपत्रात काम करून ते महालेखापालांच्या कार्यालयात कारकून झाले. १९२६ मध्ये लेखा परीक्षा उत्तीर्ण होऊन ते हळूहळू वर चढत गेले.

१ जानेवारी १९३७ रोजी त्यांनी प्रथम आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे केवळ पाहण्याचा अभ्यास करून पाहिला. मन इतके एकाग्र झाले की, आठवडाभरातच ते रंगून नदीपलीकडच्या खेड्यात सया तैजी यांच्याकडे गेले. सया तैजी हे शेतकरी होते, भिक्षू नव्हेत. ही गोष्ट महत्त्वाची, कारण गृहस्थाने गृहस्थाला विद्या द्यावी हा पायंडा तेथेच पडलेला होता. परतल्यावर मेजावर एक लिफाफा दिसला. नोकरी गेली, असेच त्यांना वाटले. आत बढतीचा आदेश होता, असे त्यांचे शिष्य सांगतात.

१९४१ मध्ये रेल्वेच्या हिशेबतपासणीसाठी फिरत असता उत्तर ब्रह्मदेशात त्यांची वेबू सयाडो या थोर भिक्षूंशी भेट झाली. त्यांनी शिकविण्यास सांगितले, आणि स्थानकावरचा सहायक स्टेशनमास्तर पहिला विद्यार्थी झाला.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन पहिले महालेखापाल झाले. आता या साधनेची खरी कसोटी होती. शासनयंत्रणेत लाचलुचपत आणि ढिलाई माजलेली. समोर पैशाचे, सत्तेचे आमिष. त्यांनी १९५० मध्ये कार्यालयातच विपश्यना मंडळ स्थापन केले आणि सहकाऱ्यांना शिकवू लागले. १९५२ मध्ये रंगूनला आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र उभे राहिले. निवृत्तीचे वय झाले तरी सरकार त्यांना सोडीना. एकाच वेळी तीन-चार खात्यांचा भार वाहून ते सकाळ-संध्याकाळ साधकांसाठी वेळ काढीत. हे कसे जमले, याचे उत्तर बहुधा त्यांच्या पद्धतीतच होते.

ती पद्धत साधी, पण सोपी नव्हे. दहा दिवसांच्या शिबिरात आधी शीलपालन, मग श्वासावर चित्त स्थिर करणे आणि शेवटी शरीरावर उमटणाऱ्या संवेदना पाहणे. सुखद संवेदनेला कवटाळायचे नाही, दुःखद संवेदनेला ढकलायचे नाही. ती उपजते आणि नाहीशी होते, एवढे अनुभवायचे. या अनित्यतेच्या जाणिवेवरच ऊ बा खिन यांचा सारा भर होता. तत्त्वचर्चेत त्यांना फारसा रस नव्हता.

१९५५ मध्ये सत्यनारायण गोयंका हे मंडालेत जन्मलेले उद्योजक त्यांच्याकडे आले. असह्य अर्धशिशीसाठी त्यांना मॉर्फिन घ्यावे लागे. डोकेदुखीच्या उपचारासाठी येणार असाल तर येऊ नका, असे सांगून ऊ बा खिन यांनी आधी त्यांना परतच पाठविले. चित्तशुद्धीसाठी येण्याची तयारी झाल्यावरच प्रवेश मिळाला. एवढा मोठा धनिक दारी आलेला असताना असा नकार देणारे गुरू विरळाच!

बुद्धाच्या भूमीतून ही विद्या ब्रह्मदेशात आली, तेव्हा भारताचे हे ऋण फेडावे अशी त्यांची तळमळ होती. १९६७ मध्ये ते शासकीय सेवेतून पूर्ण निवृत्त झाले. पण लष्करी राजवटीत त्यांना परदेशी जाण्याची परवानगी मिळू शकली नाही. आजारी आईसाठी गोयंका १९६९ मध्ये भारतात यायला निघाले, तेव्हा ऊ बा खिन यांनी त्यांना आचार्य नेमून हे काम त्यांच्यावर सोपविले. जुलै १९६९ मध्ये मुंबईत पहिले शिबिर झाले.

१९ जानेवारी १९७१ रोजी रंगून येथे ऊ बा खिन यांचे निधन झाले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले ते पाच वर्षांनी, १९७६ मध्ये.